ऑपरेशनआधी प्रत्येकीला एमआरआय हवाच का?

दांडियाबाजारकर: मावशीच्या स्तनात गाठ निघाली, बायोप्सीत कॅन्सर आला. वय 63, गाठ लहान, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीतलं माप जुळतंय, सर्जन स्तन राखून ऑपरेशन करायला तयार. तरी सुरतेहून मामांचा धोशा चाललाय, एमआरआयशिवाय हात लावू द्यायचा नाही. माझं स्पष्ट मत, इथे गरज नाही. ब्रिटनमधल्या 'कोमिस' चाचणीत 1623 स्त्रिया होत्या, निकाल 2010 चा. एमआरआय केला काय, न केला काय, पुन्हा ऑपरेशन लागलेल्यांचं प्रमाण सारखंच, साधारण 19 टक्के.

रावपुरा_ताई: असं सरसकट लिहू नका हो, वाचून कुणी तरुण मुलगी तपासणी टाळेल. दाट स्तनात, म्हणजे चरबी कमी आणि ग्रंथी जास्त असलेल्या, मॅमोग्राफीवर ऊतकही पांढरं आणि गाठही पांढरी, मग दिसणार काय? स्वीडनच्या 2014 च्या अभ्यासात 56 वर्षांखालच्या 440 जणी होत्या. एमआरआय न केलेल्यांत 15 टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं, केलेल्यांत 5.

दांडियाबाजारकर: चाळिशीतल्या बाईसाठी मीही आग्रह धरला असता. मावशीच्या रिपोर्टमध्ये स्तन दाट नाहीत.

मांजलपूर_इमेजिंग: वयाइतकंच बायोप्सीत प्रकार कोणता आलाय तेही बघा. लोब्युलर, म्हणजे दूधग्रंथीतला, असेल तर पेशी गाठ न धरता ओळीने पसरतात, मॅमोग्राफी-सोनोग्राफीत पसारा कमी दिसतो. तिथे मी एमआरआय करायलाच सांगते. आधी केमो देणार असतील तरीही, कारण गाठ किती आटली ते त्यातच नीट कळतं. पण एमआरआय निरुपद्रवी ठिपकेही उजळून दाखवतो, कधी गाठ आहे त्याहून मोठी भासवतो. नुसत्या ठिपक्यावरून, सुई न घालता, अख्खा स्तन काढायचा निर्णय कुणी घेऊ नये. आणि कॅल्शियमचे बारीक कण मॅमोग्राफीतच दिसतात, ती वगळता येत नाही.

रावपुरा_ताई: आणि खरंच दुसरी गाठ राहून गेली तर? बाईने कुणाला विचारायचं?

मांजलपूर_इमेजिंग: ती शक्यता आहेच, नाकारत नाही. म्हणून तर स्तन राखल्यावर सहसा उरलेल्या स्तनाला रेडिएशन देतात. एमआरआय जमत नसेल, पेसमेकर असेल किंवा बंद यंत्रात जीव घाबरत असेल, तर कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफीचा पर्याय विचारा. त्यात आयोडीनचं इंजेक्शन असतं, किडनी तपासून घ्या.

दांडियाबाजारकर: रिपोर्टमध्ये डक्टल, म्हणजे दूधनलिकेतला, लिहिलंय, आधी केमो नाही.

मांजलपूर_इमेजिंग: मग एमआरआयपेक्षा काखेची सोनोग्राफी झाली का ते उद्याच विचारा. तिथल्या लसिकाग्रंथी संशयास्पद वाटल्या तर सुईने नमुना घेतात, आणि काखेचं ऑपरेशन किती करायचं ते त्यावर ठरतं.