मदत हवी आहे: लिंक्डइनवर रिक्रूटरला प्रोफाइल सापडावी म्हणून काय करू?

मंडळी, चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, आता बदल हवाय. पण आमच्याकडे हुद्दा नुसता 'सीनियर एक्झिक्युटिव्ह'. त्यावरून कुणाला काय कळणार, कपाळ? रिक्रूटर तर 'सप्लायर क्वालिटी', 'पीपीएपी' (पार्ट मंजुरीची प्रक्रिया), 'सीएमएम' (मोजमापाचं मशीन) असंच काहीतरी टाकून शोधणार. नावाखालच्या हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात; तिथे हे शब्द टाकले की भागेल, की अनुभवातला हुद्दाही बदलू? पुढे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला ऑफर लेटरशी जुळला नाही तर पंचाईत.

'ओपन टू वर्क' (नोकरीच्या शोधात असल्याची खूण) फक्त रिक्रूटरना दिसेल असं ठेवता येतं, पण आपल्याच कंपनीपासून ते नक्की लपेल याची हमी लिंक्डइनही देत नाही. आणि आमचे एचआर दिवसभर तिथेच पडीक! नोकरीत असताना कुणी चालू केलंय का?