पसरणी घाटात ब्रेक गेले, आता घरात खटके उडतायत

भिजकापापड:
मंडळी, जरा मदत करा. मागच्या रविवारी पुण्याहून महाबळेश्वर एका दिवसात करून यायचं ठरलं (ठरलं म्हणजे आत्याने ठरवलं). पेट्रोल हॅचबॅक, साधे गिअर, ५ वर्षं जुनी. चालवायला मी, शेजारी बाबा, मागे आई, आत्या, आजी आणि आजीच्या मांडीवर भाचा. वेण्णा लेकच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास गेला, पॉइंट एकही धड बघितला नाही, भाचा आजीच्या शालीवर ओकला. हे चालतं, आमच्या प्रत्येक ट्रिपला होतं.

खरा घोळ परतताना झाला. पाचगणी सोडून पसरणी घाट लागला तसे बाबा म्हणाले, न्यूट्रल टाक, उतारच आहे, पेट्रोल कशाला जाळतोस. मी टाकलं. (माहितीये, शिव्या घाला.) निम्मा घाट उतरलो असू, खाली धोमचं पाणी दिसत होतं, आत्या मक्याचं कणीस खात होती आणि आजी म्हणाली काहीतरी जळतंय रे. सगळ्यांना वाटलं कणसाचाच वास. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पेडल लोण्यात पाय गेल्यासारखं खाली! तीनचारदा पटापट दाबल्यावर थोडा लागला, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत कशीबशी कडेला घेतली. पुढच्या डाव्या चाकातून धूर. मी नको नको म्हणेपर्यंत बाबांनी उतरून अख्खी पाण्याची बाटली चाकावर ओतली, असा चर्रर्र आवाज आला की कठड्यावरची माकडं पळाली. तासभर थांबलो तर ब्रेक आपोआप नीट, मग पहिल्या-दुसऱ्या गिअरवर वाईत उतरलो, आजी पूर्ण रस्ता रामरक्षा म्हणत होती.

आता ब्रेक आपोआप नीट कसे झाले हे कळत नाहीये, आणि हायवेला ८० च्या पुढे ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजवाला म्हणतो ब्रेकची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी) बदला. बाबा म्हणतात गाडीतच खोट आहे, आम्ही जुनी पद्मिनी गाडी अशीच उतरवायचो.

गिअरवरची_माशी:
दादा, आधी सगळे सुखरूप आलात हे महत्त्वाचं. मी बरीच वर्षं टेम्पो चालवला, आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं की ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. इंजिन गाडी धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणापुरता. तुम्ही न्यूट्रलला टाकलीत म्हणजे ६ माणसांचं वजन सगळं ब्रेकच्या जिवावर. आणि सारखा पाय ठेवून उतरायचं नाही, दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा, म्हणजे मधे गार व्हायला वेळ मिळतो. वास आला की तिथल्या तिथे थांबायचं. कणसाचा वास वेगळा असतो हो 😄

खडीसाखर:
पेडल मऊ होऊन खाली गेलं म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) नवीन असताना साधारण २०५ अंशाला उकळतं, पाणी मुरल्यावर १४० च्या आसपास. उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे, पाय दाबला की ऑइलऐवजी बुडबुडेच दबतात. गार झालं की वाफ परत पाणी होते, म्हणून तासाभराने "आपोआप नीट". पण नीट वगैरे काही झालेलं नाही, पुढच्या घाटात परत तेच. शेवटचं ऑइल कधी बदललं होतं? २ वर्षांनी बदलायचं असतं, सर्व्हिसिंगमध्ये नुसतं टॉपअप करून देतात. (पेडल कडक राहून गाडी थांबत नसेल तर ते वेगळं, तिथे डिस्कला घासणारे पॅड तापलेले असतात.)

थरथर डिस्कची दिसतेय. लालबुंद तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतलं की ती वेडीवाकडी होऊ शकते. बदलण्याआधी जाडी मोजायला सांगा, कमीत कमी किती हवी ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. जाडी शिल्लक असेल तर लेथवर घासून चालेल, नाहीतर दोन्ही बाजूच्या एकदम बदला.

आणि पेट्रोलचं म्हणाल तर हल्लीच्या इंजेक्शनच्या गाडीत, गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर पेट्रोल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला उलट लागतं. बाबांच्या पद्मिनीला इंजेक्शनऐवजी कार्ब्युरेटर होता, त्यात पेट्रोल असं बंद होत नाही, तिथे त्यांचं म्हणणं थोडंफार खरं होतं.

कोकणकन्या७:
इंजिन बंद करून उतरणारे काका लोकपण असतात, ते तर कधीच करू नका, ब्रेकचा बूस्टर (पायाच्या दाबाला जोर देणारा भाग) जातो, पेडल दगड होतं. बाकी भाच्याला उलटीची गोळी घाट लागल्यावर देऊन उपयोग नसतो, अर्धा तास आधी, तीही डॉक्टरांना विचारून.

भिजकापापड:
सगळ्यांचे आभार. ऑइल कधीच बदललेलं नाही 🙈 उद्या गाडी टाकतो. खडीसाखर, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. शेवटच्या वाक्याला "बघ!" म्हणाले आणि आता आत्याला फोन लावून तेवढंच सांगतायत.