मदत हवी आहे: कुत्र्याला हार्टवर्म (हृदयात वाढणारे जंत) निघालाय, खर्च कसा जमवलात?

आमचा शेरू, वय 6, महिनाभर कोरडा खोकतोय, जिना चढताना मधल्याच पायरीवर बसतो आणि माझ्याकडे बघत राहतो. टेस्ट पॉझिटिव्ह आली. डॉक्टर म्हणाले आधी 4 आठवडे डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक, मग जंत मारणाऱ्या मेलार्सोमीनची 3 इंजेक्शनं, पहिल्यानंतर महिन्याने उरलेली दोन 24 तासांच्या अंतराने, वर एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या, आणि तोवर पळापळ पूर्ण बंद कारण मेलेले जंत फुप्फुसात अडकतात. खर्चाचा आकडा ऐकून पोटात गोळाच आला हो. चूक माझीच, डासांमुळे होतं हे माहीत असून पैसे वाचवायला ती लागण रोखणारी महिन्याची गोळी मधेच बंद केली, आता त्याच्या कित्येक पट जाणार!

कोणी हप्त्याने बिल भरलंय का? इंजेक्शनं न देता नुसत्या आयव्हरमेक्टिन या जंतांच्या औषधावर जंत हळूहळू मरतात असं एकजण म्हणाला, स्वस्त पडतं खरं, पण तेवढे महिने हृदयाचं नुकसान चालूच राहतं ना, म्हणून धीर होत नाही. घरातली दुसरी कुत्री निगेटिव्ह आहे, पण लागण झाल्यावर साधारण 6 महिने टेस्टमध्ये दिसत नाही, मग अशा कुत्र्याची परत टेस्ट होईपर्यंत गोळी चालू ठेवलीत ना तुम्ही? आणि बेल वाजली की हा दाराकडे सुटतो, त्याला शांत कसं ठेवायचं तेही सांगा प्लीज.