मदत हवी आहे: ६०० मिमीला फोटोची उजवी कड मऊ (धूसर), लेन्स ठेवू की परत करू?

वापरलेली १५०-६०० मिमी झूम लेन्स घेतली, फुल फ्रेम कॅमेरा बॉडीसाठी. ४०० पर्यंत कोपरे छान. ६०० ला मात्र विटांच्या सांध्यातली वाळू डावीकडे कण न् कण दिसते, उजवीकडे नुसता लगदा. एफ/८ लाही, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान करूनही, हा मऊपणा पूर्ण जात नाही.

ट्रायपॉड, स्टॅबिलायझेशन बंद, टायमर, लाइव्ह व्ह्यूमध्ये हाताने फोकस, सगळं केलंय. सकाळची वेळ, जवळची भिंत, त्यामुळे उन्हाच्या झळा नाहीत. कॅमेरा उलटा करूनही फ्रेमची तीच बाजू मऊ, म्हणजे भिंत तिरकी नाही. याच बॉडीवर ३०० मिमीची प्राइम (झूम नसलेली) लेन्स दोन्ही कडांना एकसारखी चालते.

फोकस उजव्या कडेवर घेतला की ती सुधारते, डावी बिघडते. म्हणजे आतला काचगट कललाय ना? परतीची मुदत रविवारपर्यंतच आहे. असा दोष सर्व्हिस सेंटरमध्ये खरोखर दुरुस्त होतो का?