मुक्तीनंतरची महाविद्यालयं, मुंबई विद्यापीठ आणि जनमत कौल: दोन शंका

प्रश्न | डिचोली_वाचक
एम. ए.च्या प्रबंधिकेसाठी 1961 ते 1987 मधलं गोव्याचं राजकारण आणि उच्च शिक्षण असा विषय घेतलाय. दोन ठिकाणी अडलंय. पोर्तुगीज राजवटीतून मुक्तीनंतर आपली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडली गेली, ती गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाची पूर्वतयारी म्हणायची का? आणि याच विलीनीकरणावरच्या 1967 च्या जनमत कौलाची टक्केवारी सगळीकडे 54.20 व 43.50 अशी छापलेली दिसते. बेरीज 97.70 भरते. उरलेली मतं कुठे गेली?

उत्तर | आकडेमोड
बाद झाली. एकूण मतदान 3,17,633. ‘दोन पानं’ या मतचिन्हाला, म्हणजे संघप्रदेश (केंद्रशासित) राहण्याला, 1,72,191 आणि ‘फूल’ या चिन्हाला, म्हणजे विलीनीकरणाला, 1,38,170. बेरीज 3,10,361, म्हणजे बाद मतं 7,272. छापील टक्के एकूण मतदानावर काढलेले आहेत. फक्त वैध मतं धरलीत तर 55.48 आणि 44.52 येतात. कुठलाही पाया घ्या, पण तक्त्याखाली तो लिहा. 34,021 चा फरक मात्र दोन्हीकडे तोच राहतो. दमण-दीवची मतं यात मिसळू नका, तिथे प्रश्न गुजरातेत जाण्याचा होता.

उत्तर | तिसवाडीकर
पूर्वतयारी म्हणू नका, तारखाच आड येतात. पणजीचं धेंपे आणि मडगावचं चौगुले ही महाविद्यालयं 1962 ची. विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगो) भाऊसाहेब बांदोडकरांचं मंत्रिमंडळ आलं डिसेंबर 1963 मध्ये. म्हणजे विलीनीकरण मागणारं सरकार नव्हतं तेव्हाच संलग्नता ठरली होती. कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाशिवाय पदवी देता येत नाही, त्यामुळे कुठेतरी जोडून घेणं भागच होतं. 1842 पासूनची एस्कोला मेडिका ही पोर्तुगीजकालीन वैद्यकीय शाळा 1963 मध्ये गोवा मेडिकल कॉलेज झाली, तीही मुंबईलाच जोडली गेली.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. 16 जानेवारी 1967 ला विलीनीकरण फेटाळलं गेलं, तरी संलग्नता आणखी 18 वर्षं टिकली. उलट वेगळं शालान्त मंडळ 1975 मध्ये झालं, तेव्हा सत्तेवर शशिकलाताई काकोडकरांचा मगोच होता! पक्षाची भूमिका आणि संस्थांची वाटचाल एका रेषेत बसवायला गेलात की प्रकरण कोसळेल. गोवा विद्यापीठाचा कायदा 1984 चा, काम सुरू झालं 1 जून 1985 ला आणि घटकराज्य 30 मे 1987 ला. कायद्याचं साल आणि प्रत्यक्ष सुरुवात यांची गल्लत सर्रास होते, तेवढी टाळा.

उत्तर | जुनी_फाईल
साधनांबद्दल थोडं. पणजीत पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात त्या काळची ‘गोमन्तक’ आणि ‘राष्ट्रमत’ ही दैनिकं जोडीने वाचा. पहिलं विलीनीकरणाच्या बाजूचं, दुसरं संघप्रदेशाच्या. एकावरच विसंबलात तर सभांची गर्दीसुद्धा एकतर्फी नोंदवाल. कौलाच्या दिवसांतली विधानसभेची कार्यवाही शोधत बसू नका. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून डिसेंबर 1966 मध्ये मंत्रिमंडळ पायउतार झालं आणि सभागृह बरखास्त होतं. त्या महिन्यांसाठी लोकसभेतल्या चर्चा काढा, कौलाचा कायदा तिथेच झाला. 1985 पूर्वीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ‘गोवा विद्यापीठ’ असा शोध घेतलात तर हाती काही लागणार नाही. पणजीचं पदव्युत्तर केंद्र मुंबई विद्यापीठाचं होतं, तेव्हा त्याच विद्यापीठाचे वार्षिक अहवाल मागवा.