शिबिरात होतो आणि जमीन हलली

वैद्यकीय शिबिराला स्वयंसेवक म्हणून गेलात आणि भूकंपात सापडलात, किंवा भूकंपानंतर लगेच पथकाबरोबर पोचलात, असं कोणी इथे आहे का? डॉक्टरच असायला हवं असं नाही. सुरुवात मी करते.

२५ एप्रिल २०१५, नेपाळ. शनिवार तिथे सुट्टीचा वार, म्हणून डोळे तपासणीचं शिबिर शाळेत भरवलेलं. ११ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून पंधरा-वीस आजी-आजोबा बाकांवर बसले होते. बाहेर भर उन्हात आणलं तर त्यांना डोळेच उघडवेनात. पळायचं कुठे तेच दिसेना. एका मुलीने त्यांना एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवायला लावून रांगेने मैदानात नेलं. तासाभराने जखमी यायला लागले आणि आमच्याकडे काय, तर चष्मे, थेंब आणि थोडा गॉझ. औषधांचे खोके फाडून, ओढण्या बांधून मोडलेल्या हातांना आधार दिला. त्या दिवशी मी एकही डोळा तपासला नाही.

– नेत्रतंत्रज्ञ

थेंबांचं वाचून चर्र झालं. मी त्याच भूकंपानंतर पथकाबरोबर गेलो होतो, काम औषधवाटपाचं. पेशंट ताडपत्रीखाली झोपायचे. इमारत तपासून झाली होती, तरी आत यायला कोणी तयार नसे आणि आम्ही त्यांना समजावत बसायचो. मग १२ मे रोजी दुपारी ७.३ चा दुसरा मोठा धक्का आला. त्यानंतर आम्हीही आमच्या गोळ्यांचं टेबल ताडपत्रीखाली हलवलं आणि वाद संपला.

– गोळ्यावाला

भुज, २००१. तिथलं सरकारी रुग्णालयच कोसळलेलं, त्यामुळे तंबूत शस्त्रक्रिया. बऱ्याचदा केटामाइन या भुलीच्या औषधावर, कारण त्याने सहसा श्वास मंदावत नाही आणि भुलीचं मोठं यंत्रही लागत नाही. नव्या मुलांना दोन गोष्टी ओरडून सांगाव्या लागत. मातीने भरलेली जखम लगेच शिवायची नाही: भरपूर पाण्याने धुवा, मेलेलं मांस काढा, उघडी ठेवा, टाके चार-पाच दिवसांनी. लोकांना मात्र टाके घातले नाहीत म्हणजे उपचारच केला नाही असं वाटायचं. दुसरी गोष्ट ढिगाऱ्याखाली पाय दाबला गेलेल्यांची. दगड उचलला की सगळे टाळ्या वाजवतात, पण खरा धोका त्यानंतर असतो. चेंगरलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि हृदय बंद पडू शकतं; मूत्रपिंडं निकामी होतात ती वेगळीच. म्हणून शक्य असेल तर दगड हलवण्याआधीच सलाइन सुरू करायचं. तेही साधं, रिंगर लॅक्टेट हे दुसरं सलाइन नको, त्यात पोटॅशियम असतं.

– निवृत्त सर्जन

सर, हे आमच्या प्रथमोपचार वर्गात कोणी सांगितलंच नव्हतं!

– नवशिकी

किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेला भूकंप. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद, त्यामुळे झोपलेली माणसं जागच्या जागी गाडली गेली. आम्ही कॉलेजची पोरं मदतीला गेलो. मला वाटलं होतं स्ट्रेचर उचलायचं काम मिळेल. हातात दिली वही. कुठल्या जखमीला कोणत्या गाडीने कुठे पाठवलं ते लिहायचं. राग आला होता. पण संध्याकाळपासून नातेवाईक यायला लागले: ‘आमची म्हातारी लातूरला नेली की सोलापूरला?’ बेशुद्ध माणसाचं नाव कोण सांगणार? मग मी खुणा लिहू लागलो. हिरवं लुगडं, उजव्या हातावर गोंदण, कानात एकच बुगडी. त्या एका बुगडीवरून एका बाईला तिची सासू सापडली. डॉक्टरांना पुष्कळ हार घातले गेले, घालायलाच हवे होते. पण पथक नेणाऱ्यांनो, एक सुवाच्य अक्षराचा माणूस आणि दोन जाड वह्या नक्की न्या. ओल्या हातांनी पुसली जाणार नाही अशी शाई असेल तर उत्तम.

– वहीवाला