शब्दचर्चा : उपचारछल

प्रश्न : परवा संध्याकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदाकाठी, आरोग्यविम्याचा विषय निघाला. आवाज चढले. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "हा निव्वळ उपचारछल आहे." मला वाटलं, दवाखान्यातली लुबाडणूक. ते मान हलवून 'नाही' म्हणाले, पण तेवढ्यात त्यांची बस आली. नेमका अर्थ काय?

उत्तर : इथला उपचार औषधपाण्याचा नाही. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, उपचार म्हणजे लाक्षणिक बोलणं. छल म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा मुद्दाम भलता अर्थ घेऊन त्याला खोडणं. गौतमाच्या न्यायसूत्रांत छलाचे तीन प्रकार आहेत : वाक्छल, सामान्यछल, उपचारछल. तिसऱ्याचं जुनं उदाहरण 'मंचाः क्रोशन्ति', म्हणजे मचाणं ओरडताहेत. ओरडतात ती मचाणावरची माणसं, हे ऐकणाऱ्यालाही कळतं. तरी तो विचारतो, लाकूड कसं ओरडेल?

आमच्या आईची अँजिओप्लास्टी महात्मा फुले योजनेतून झाली. घरात आम्ही "केशरी कार्डावर झाली" असंच म्हणतो. त्यावर कुणी "कार्ड कधीपासून ऑपरेशन करायला लागलं?" म्हणालं, की लोक हसतात आणि मुद्दा तिथेच मरतो. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर ते कार्ड ठेवलं तेव्हा भावाच्या हातातली दागिन्यांची पिशवी तशीच घरी परत आली, हे मग कुणी ऐकतच नाही. मला याचा फार त्रास होतो.

आणखी एक : 'मोफत'वरून होतो तो वाक्छल. 'नवकंबल' म्हणजे नवी घोंगडी की नऊ घोंगड्या, तसंच ते. बोलणाऱ्याचं मोफत म्हणजे रुग्णाने खिडकीवर पैसे न भरणं, समोरचा "डॉक्टरांनी फुकट राबायचं का?" म्हणून तेच खोडतो. सामान्यछलात खरी गोष्ट तिच्या मर्यादेबाहेर ताणतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, ग्रुप पॉलिसीवरचा राहिला. कुणी आपल्या घरच्या पॉलिसीबद्दल "विमा करमुक्त झाला" म्हणालं, की "मग आमच्या कंपनीच्या पॉलिसीवर कर कसा? खोटं बोलता!" हे ठरलेलं.

प्रश्नकर्ता : पण सुरगाण्यासारख्या दुर्गम तालुक्यातल्या माणसाने "कार्ड आहे हो, योजनेतलं रुग्णालय किती लांब?" असं विचारलं तर तोही छलच का?

उत्तर : मुळीच नाही. कार्डावर बिल भागतं हे तो नाकारत नाही, त्यापुढचं विचारतो. छलात समोरच्याचं म्हणणं समजूनही न समजल्यासारखं करायचं असतं. या माणसाला ते समजलंय, म्हणूनच तो अंतर विचारतोय.